जुनी सफारी मागून बसली आहे, स्प्रिंग कोणत्या टाकू?

मावळवाट

मंडळी, माझी २००९ ची सफारी डायकॉर २.२, फोर बाय फोर. इंजिन, गिअरबॉक्स ठणठणीत आहेत, गाडी विकायची नाही, पंधरा वर्षांनंतरचं फेरनोंदणीचं कामही झालं आहे. पण मागून गाडी बसली आहे. बाजूने पाहिलं की नाक वर आणि बूड खाली. डिकीत सामान टाकलं की गतिरोधकावर मागचा स्टॉपर (एक्सल वर आदळू नये म्हणून असलेला ठोकळा) लागतो आणि दण्णकन आवाज येतो.

स्टेपनी मागच्या दारावर आहेच. त्याशिवाय हाय-लिफ्ट जॅक, ओढायचे पट्टे, टूल बॉक्स, कॉम्प्रेसर आणि पाण्याचा वीस लिटरचा कॅन कायम गाडीत असतो. एरवी आम्ही दोघंच, शनिवार-रविवारी चार-पाच जण आणि डोंगर. गणपतीला मात्र सात माणसं घेऊन कोकण.

नाना पेठेत चौकशी केली. एक म्हणाला, कंपनीच्याच नव्या स्प्रिंग टाका. दुसरा म्हणाला, जाड तारेच्या 'हेवी' बनवून घ्या, परत बघायला नको. तिसऱ्याने जुन्याच स्प्रिंगखाली स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, टाकायला सांगितलं. चौथ्याने रबरी बफर हातात ठेवला. प्रत्येकजण ठामपणे सांगतो, कारण मात्र कुणी सांगत नाही. मला गाडी सरळ उभी राहायला हवी आहे, उंच करायची नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

डिझेलराव

पुढचे टॉर्शन बार (पुढे स्प्रिंगचं काम करणारे, पिळले जाणारे दांडे) दोन-चार आटे सैल करा. नाक खाली आलं की गाडी सरळ. पाना घरात असेल तर खर्च शून्य.

कोकणी_मामा

डिझेलराव, तुम्ही तर डोकं दुखतंय म्हणून टोपी बदलायला सांगताय :)

बफरबद्दल अनुभव लिहितो. आमच्या गावच्या वडापच्या गाडीला ते दोन वेटोळ्यांच्या मधे दाबून बसवले होते. गाडी दिसायला वर आली. पण जिथे बफर बसतो तिथलं वेटोळं हलतच नाही, सगळी हालचाल बाकीच्यांना करावी लागते. पुढच्या पावसाळ्यात एक स्प्रिंग नेमकी बफरच्या कडेलाच तुटली. वर त्या फटीत चिखल साचून रंग उडाला होता आणि गंज चढला होता तो वेगळाच. मावळवाट, बफर मुळीच घेऊ नका.

जिप्सीवाला

आमच्याकडे कॉइल स्प्रिंगची भानगडच नाही. जिप्सीला चारी चाकांना पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. बसली की पाटेवाल्याकडे जायचं, एक पाटा वाढवायचा, सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवे टाकायचे, चहा प्यायचा, निघायचं. वाढवलेल्या पाट्यामुळे रिकामी गाडी उड्या मारते हे मात्र खरं. मागे बसणाऱ्याला विचारू नका.

उद्यमनगर

कोल्हापुरातनं लिहितोय. जुनी स्प्रिंग भट्टीत तापवून ताणून देतो म्हणणारे तुम्हाला भेटतील, अजून कसं भेटलं नाहीत याचंच आश्चर्य. त्या वाटेला जाऊ नका. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, तेलात थंड करून, परत मंद तापवून तयार केलेलं असतंय. भट्टीत लाल करून ओढलं की ते सगळं पुसलं जातंय. स्प्रिंग लांब दिसते, आठवडाभर गाडी झकास उभी राहते आणि मग पहिल्यापेक्षा खाली बसते. कडकपणा तेवढाच असतोय बघा, गेलेली असते ती ताण सोसायची मर्यादा.

नवी बनवून घेणार असाल तर कारखानदाराला दोन गोष्टी विचारा. एक, शॉट पीनिंग करता का? बारीक छऱ्यांचा मारा केला की वरच्या थरात दाब साठतो आणि तडा जायला वेळ लागतो. दोन, वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत दाबून सोडता का? नवी स्प्रिंग पहिल्यांदा पुरती मिटवली की थोडी बसतेच. ते कारखान्यातच बसवून घ्यायचं असतंय आणि त्यानंतरची लांबी तीच खरी लांबी. हे न करता दिलेली स्प्रिंग तुमच्या गाडीखाली बसणार. या दोन प्रश्नांवर जो नुसता हसतो त्याच्याकडनं उठून यायचं.

ऊर्मिला_ग

मावळवाट, रात्री समोरचे लोक डिपर मारतात का तुम्हाला? आमच्या जुन्या एसयूव्हीला हाच आजार होता आणि मला तो पहिल्यांदा घाटात जाणवला, कारण समोरून येणारा प्रत्येकजण वैतागलेला दिसायचा. बूड खाली गेलं की हेडलाइट वर बघायला लागतात. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, सरळ सुरक्षेचा आहे.

चाकोरी

ऊर्मिलाताईंच्या मुद्द्याला आकडे जोडतो. सफारीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २६५० मिमी. मागची बाजू ३० मिमी खाली गेली तर कल झाला ३० भागिले २६५०, म्हणजे साधारण १.१ टक्का. लो बीम कारखान्यातून येताना एक-सव्वा टक्काच खाली झुकवलेला असतो. म्हणजे तो झुकाव जवळजवळ सगळा संपला. २५ मीटरवर उजेडाची रेघ पाऊण वीत नव्हे, चांगली २८ सेंटिमीटर वर जाते. समोरच्याच्या डोळ्यांत.

आता मूळ प्रश्न. पण त्याआधी मावळवाट, 'बसली आहे' म्हणजे नेमकी किती? चाकावरच्या मडगार्डच्या कमानीवरून ठरवू नका, पुढची आणि मागची कमान सारख्या उंचीची कापलेली नसते. दाराखालच्या सिलची पुढची आणि मागची टोकं जमिनीपासून मोजा. जागा सपाट, टाकी भरलेली, हवा बरोबर, आणि मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे ढकलून घ्या म्हणजे बुश (सांध्यांतले रबर) मोकळे होतील. डावं-उजवं वेगळं लिहा.

आणि एक करा. वजनकाट्यावर जा आणि फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. एकदा डिकीतल्या सामानासकट, एकदा सामान काढून. ट्रकांच्या रांगेत काटेवाले थोडे कुरकुरतात, पण करून देतात. या चार-पाच आकड्यांशिवाय स्प्रिंग निवडणं म्हणजे माप न घेता पँट शिवणं.

डिझेलराव

चाकोरी, आकडे मान्य. पण टॉर्शन बारचं मी उगाच म्हटलं नाही. पूर्वीच्या मालकाने पुढून उंच दिसावी म्हणून बार आवळून ठेवलेले असतात, हे मी कितीतरी गाड्यांत पाहिलंय. मग मागची स्प्रिंग बिचारी नाहक बदनाम होते. शिवाय बार आवळला की पुढून गाडी कडक होते, तेही सुटेल.

चाकोरी

पहिला मुद्दा अगदी योग्य, पुढची उंची आधी तपासायलाच हवी. दुसऱ्याशी असहमत. समायोजनाचा बोल्ट आवळल्याने टॉर्शन बारचा कडकपणा बदलत नाही, तो बारच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो. बोल्टने फक्त उंची बदलते. गाडी कडक वाटते ती यासाठी की उंची वाढल्यावर चाकाला खाली जायला जागा उरत नाही. खड्ड्यात चाक सुटलं की वरचा आर्म लगेच स्टॉपरला लागतो. आणि फोर बाय फोरला पुढच्या शाफ्टचे सांधे तिरके चालतात, त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात.

डिझेलराव

हं. आर्म स्टॉपरला लागण्याचं पटलं. बूट फाटलेले तर मी स्वतः बघितलेत.

निशाचर

एक कायद्याची आठवण. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवरच्या, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. झिजलेली स्प्रिंग बदलून गाडी मूळ उंचीला आणणं ही दुरुस्ती झाली, त्याला हरकत असण्याचं कारण नाही. दोन-तीन इंच उचलणं ही वेगळी गोष्ट. तिथे अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी खाली वाकून बघतो.

जिप्सीवाला

निशाचरभाऊ, डोंगरात आमच्या गाड्यांखाली सर्व्हेअर वाकला तर आधी चिखलच दिसेल त्याला :)

मेलबर्नकर

मूळचा साताऱ्याचा, सध्या ऑस्ट्रेलियात. माझ्याकडे जुनी प्राडो आहे, १२० मालिकेतली, मागे कॉइल. इथली पद्धत सांगतो कारण मावळवाटना तीच उपयोगी पडेल. इथे ओल्ड मॅन इमूसारख्या स्प्रिंग घ्यायला गेलं की दुकानदार 'किती इंच उचलायची' हे नंतर विचारतो. आधी विचारतो, गाडीत कायम वजन किती असतं? त्याच गाडीसाठी वेगवेगळ्या वजनाच्या स्प्रिंग मिळतात. रिकाम्या गाडीसाठी एक, कायम दोनशे किलोसाठी दुसरी, आणि ड्रॉवर, जादा टाकी, मागे ट्रेलर असं कायम चारशे किलोचं बिऱ्हाड असेल तर तिसरी.

यातला महत्त्वाचा शब्द 'कायम'. वर्षातून एकदा लांबच्या सफरीला जाणारा माणूस चारशे किलोची स्प्रिंग घेऊन जातो आणि उरलेलं वर्ष ढुंगण आपटत ऑफिसला जातो. इथल्या लाल मातीच्या रस्त्यांवर खवल्यांसारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात. रिकामी आणि कडक गाडी त्यावर नुसती थरथरत आडवी सरकते, चाक जमिनीला धरून राहत नाही. आपल्या घाटातल्या उखडलेल्या वळणावर याहून वेगळं होणार नाही.

मावळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. चाकोरींनी सांगितल्याप्रमाणे मोजलं.

सिलच्या दोन टोकांत अंतर १७०० मिमी, मागचं टोक पुढच्यापेक्षा २० मिमी खाली. डाव्या आणि उजव्या बाजूत फरक ८ मिमी, उजवी खाली. टॉर्शन बारचे बोल्ट गंजून रंगासकट जागच्या जागी आहेत, कुणी हात लावलेला दिसत नाही. त्यामुळे डिझेलराव, पुढची बाजू निर्दोष.

काट्यावर मागच्या चाकांवर सामानासकट साधारण ११०० किलो, सामान काढून १०००. म्हणजे 'किरकोळ' म्हणून मी गाडीत ठेवलेलं सामान मागच्या एक्सलला शंभर किलोला पडतंय. हाय-लिफ्ट जॅक एकटाच जड आहे आणि तो अगदी दाराला टेकून आडवा ठेवलेला.

चाकोरी

उत्तम. आता खरं गणित करता येईल.

१७०० ला २० म्हणजे व्हीलबेसभर साधारण ३१ मिमी. ११०० किलोतून एक्सल, चाकं वगैरे स्प्रिंगखालचं वजन अंदाजे २०० काढलं की एका स्प्रिंगवर ४५० किलो. सामान नसताना ४००. कडकपणा समजा ३ किलो प्रति मिमी धरू (स्प्रिंग हातात आल्यावर प्रेसवर मोजून घ्या, मी फक्त हिशेबाची रीत दाखवतोय). म्हणजे रिकामी गाडी स्प्रिंग १३३ मिमी दाबते, सामानासकट १५०. सामानामुळे १७ मिमी गेले. ३१ पैकी उरलेले १४ मिमी हे स्प्रिंगचं वय.

म्हणजे तुमच्या गाडीच्या बसण्यात निम्म्याहून जास्त वाटा सामानाचा आहे, स्प्रिंगचा नाही.

आता 'हेवी' स्प्रिंगचं बघू. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर जातो. वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या तीच ठेवून १३ ची तार १४ केली तर ऐकायला एकच मिमी, पण कडकपणा ३५ टक्के वाढतो. ३ चे ४.०५ झाले. लांबी तीच ठेवली तर सामानासकट ही स्प्रिंग १११ मिमीच दबेल. म्हणजे नव्या मूळ स्प्रिंगवर रिकामी गाडी जिथे उभी राहील त्याहूनही २२ मिमी वर. आज नाक वर आहे, उद्या बूड वर. सामान काढलं की अजून वर.

उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्या एकाच नावाखाली विकल्या जातात, सगळा घोळ तिथे आहे. स्पेसरने उंची मिळते, कडकपणा तोच राहतो. स्प्रिंग एक्सलवरच बसलेली असेल तर जेवढा स्पेसर जवळपास तेवढी उंची. जाड तारेने कडकपणा मिळतो आणि उंची न मागता येते.

ऊर्मिला_ग

हे वाचून एक विचारते. जाड स्प्रिंग टाकली तर जुने शॉकअप चालतील का? आमच्याकडे मेकॅनिकने फक्त स्प्रिंग बदलल्या होत्या आणि मागे बसणारी मुलं दर घाटात उलट्या करायची. शॉकअप बदलल्यावरच थांबलं.

उद्यमनगर

ताई, शॉकअपचं काम वजन पेलायचं नाहीच, दबलेली स्प्रिंग उसळताना तिला आवरायचं. स्प्रिंग जेवढी कडक, तेवढी उसळी जोरात. थकलेला शॉकअप ती आवरत नाही, गाडी दोन-तीनदा डुलत राहते आणि पोरांचं पोट ढवळतंय. मूळ स्प्रिंगला मूळ शॉकअप पुरतो, पण पंधरा वर्षांचा असेल तर त्याला निरोप द्या.

मावळवाट, उजवी-डावी फरक आहे म्हणून एकच बाजू बदलू नका. जोडीच बदला. वरखालचे रबरी वॉशरपण नवे घ्या. ते दबून पापड झालेले असतात आणि त्यातच पाच-सात मिमी गेलेले असतात.

मेलबर्नकर

चाकोरींच्या हिशेबातून माझ्या मते सरळ वाट निघते. जड सामान एक्सलच्या पुढे आणा. हाय-लिफ्ट जॅक मधल्या सीटच्या पायांपाशी आडवा, पाण्याचा कॅन पुढच्या सीटच्या मागे. मागच्या ओव्हरहँगमध्ये, म्हणजे मागच्या चाकांच्याही मागच्या भागात, ठेवलेलं वजन एक्सलवर स्वतःपेक्षा जास्त भार टाकतं आणि पुढचा भार कमी करतं. म्हणजे बूड दबतं आणि नाक उचलतं, दोन्ही एकदम. तेच वजन दोन चाकांच्या मधे आणलं की पुढच्या-मागच्यात वाटलं जातं. फक्त सगळं पट्ट्यांनी घट्ट बांधा. जोरात ब्रेक लागला की सुटा जॅक कुणाच्याही पाठीत जाईल.

जिप्सीवाला

अवांतर: आमच्या जिप्सीत मधे आणायला 'मधे' अशी जागाच नसते. पण वजनाचा मुद्दा शंभर टक्के. एका मोहिमेत आम्ही सगळ्यांचं पाणी एकाच गाडीत मागे भरलं होतं, ती चढावर पुढून इतकी हलकी झाली की स्टिअरिंग फिरवलं तरी ऐकेना. कॅन पुढे घेतल्यावर तोच चढ सहज निघाला.

कोकणी_मामा

हे सगळं खरं, पण गणपतीचं काय? सात माणसं, पंधरा दिवसांचं सामान, येताना नारळ आणि तांदळाची गोण. ते वजन कुठे एक्सलच्या पुढे आणणार?

मेलबर्नकर

मामा, त्यासाठी कॉइलच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. एरवी नाममात्र हवा, सामान भरलं की कॉम्प्रेसरने भरायची. वर्षातल्या आठ-पंधरा दिवसांच्या वजनासाठी वर्षभर कडक स्प्रिंग वागवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. फक्त आधी बघा की स्टॉपर कॉइलच्या आत आहे का. असेल तर पिशवीला जागा राहत नाही किंवा काही किटमध्ये तो कापावा लागतो. आणि हवेची पिशवी म्हणजे भार वाढवायचा परवाना नाही, टायर आणि ब्रेक तेच आहेत.

चाकोरी

ब्रेकवरून आठवलं. मागच्या एक्सलपाशी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर तोही तपासून घ्या. बॉडी आणि एक्सलमधलं अंतर पाहून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. अंतर कमी म्हणजे भार जास्त, असं त्याला वाटतं. बसलेल्या गाडीत तो मागे जादा दाब देतो, ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होतात. उलट स्पेसरने उचललेल्या गाडीत तो भार ओळखत नाही आणि मागचे ब्रेक कमी लागतात. मूळ उंचीला आणलीत तर त्याचं मूळ समायोजन बरोबर बसेल. स्पेसर टाळायचं माझ्या लेखी हेही एक कारण.

निशाचर

या धाग्याची वाचनखूण साठवली. माझी स्कॉर्पिओ रांगेत आहे.

मावळवाट

काम झालं, लिहून ठेवतो म्हणजे पुढच्याला उपयोग होईल.

मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगची जोडी, वरखालचे नवे रबर, मागचे दोन्ही शॉकअप. ना स्पेसर, ना जाड तार. जॅक आणि पाणी एक्सलच्या पुढे आणून बांधलं, टूल बॉक्समधून जे कधीच लागत नाही ते काढून घरी ठेवलं. जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी उभी केली तर फरक बोटाच्या पेरापेक्षाही कमी, उजवी थोडी जास्त बसलेली. गाडीखाली मात्र तोच फरक चांगला दिसतो. सिलच्या दोन टोकांत आता ४ मिमीचा फरक, डावी-उजवी एकसारखी. पाच जण बसवून ताम्हिणी उतरलो, स्टॉपर एकदाही लागला नाही. गाडी भिंतीसमोर उभी करून हेडलाइटचा झुकाव परत लावून घेतला.

उद्यमनगर

लई भारी! एकच विचारतो, मागच्या लिंकचे (एक्सलला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळले की चाकं जमिनीवर असताना? लोंबकळत्या एक्सलवर आवळले की बुश पिळलेल्या अवस्थेतच धरले जातात. मग गाडी थोडी वरच अडकून उभी राहते आणि बुश लवकर फाटतात.

मावळवाट

मेकॅनिक जॅकवरच आवळत होता. मी थांबवून गाडी खाली घ्यायला लावली, मग पाचही लिंकचे बोल्ट सैल करून, गाडी हलवून, परत आवळले. खड्ड्यात झोपून आवळावे लागले म्हणून तो जरा नाराज झाला, पण केलं.

कोकणी_मामा

आणि गणपतीसाठी पिशव्या घेतल्यात का? रिकाम्या गाडीत हवा किती ठेवायची?

मेलबर्नकर

मामा, कॉइलच्या आतल्या पिशवीत हवा पूर्ण काढायची नाही. माझ्या किटला किमान पाच पीएसआय सांगितलंय. त्याखाली गेली की पिशवी दुमडते आणि स्प्रिंगला घासून फाटते. दोन्ही बाजूंची नळी वेगळी ठेवा. एकच जोडनळी असेल तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी जास्त कलते.

मावळवाट

वेगळ्या नळ्यांचाच संच मागवलाय. स्टॉपर कुठे आहे ते बघून, श्रावणात बसवून घेतो.